उभ्याने वल्हवताना: मध्यमवय आणि पॅडलबोर्डिंग

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणजे रुंद, जाड बोर्डवर उभे राहून लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाण्यावर पुढे जाण्याचा खेळ. धरायला कठडा नाही, बसायला फळी नाही, शीड नाही, इंजिन नाही. तरीही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना तो जवळचा वाटतो. लाटांवरच्या सर्फिंगसारखी चपळ उडी इथे लागत नाही, धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे बसत नाहीत, आणि शांत पाण्यावर पहिल्याच सकाळी काही मिनिटे तरी उभे राहता येते. मात्र या सोप्या सुरुवातीमुळे एक गैरसमज रुजला आहे. या वयात खरी अडचण तोलाची, असे बहुतेकांना वाटते. तोलाची अडचण योग्य बोर्ड आणि थोडा सराव यांनी बऱ्याच अंशी सुटते. जास्त जपावे लागते ते वाऱ्याला आणि प्रवाहाला, आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो पाण्यात पडल्यावर पुन्हा बोर्डवर चढता येते की नाही हा.

होडीत उभे राहून काठीने किंवा वल्ह्याने ती रेटण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. कोकणातल्या खाड्यांमध्ये मच्छीमार उथळ पाण्यात लांब काठीने होडी रेटतात तेही उभ्यानेच. आजच्या खेळाचे मूळ मात्र हवाईमधले. होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे प्रशिक्षक विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या सर्फबोर्डवर उभे राहून होडीच्या वल्ह्याने फिरत, म्हणजे शिकाऊ मंडळींवर नजरही राहत असे आणि येणाऱ्या लाटाही लांबून दिसत. तिथल्या आ चोय कुटुंबाचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते. त्यांच्यातल्या बॉबी यांना मोटार अपघातानंतर गुडघे टेकणे अवघड झाले आणि म्हणून ते उभ्यानेच वल्हवू लागले, असे सांगितले जाते. मध्यमवयातल्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: शरीराच्या मर्यादेतून वाट काढतानाही ही पद्धत उपयोगी पडली होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या नामांकित सर्फरनी ती पुन्हा उचलली, आणि तिथून ती कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, युरोप अशी पसरली. भारतात सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था या खेळाच्या स्पर्धा भरवते. मंगळुरूजवळचा किनारा आणि चेन्नईजवळचे कोवलम ही त्याची महत्त्वाची केंद्रे. गोव्यात नद्यांच्या मुखांजवळ आणि महाराष्ट्रात तारकर्ली-देवबाग परिसरात तो शिकता येतो.

हा खेळ सर्वदूर पोहोचला तो हवा भरण्याच्या बोर्डमुळे. पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये हजारो धागे उभे शिवलेले असतात, त्यामुळे आत १२ ते १५ पीएसआय दाबाने हवा भरली तरी बोर्ड फुगून गोल होत नाही, सपाट आणि ताठ राहतो. घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावतो, वजन साधारण ८ ते १२ किलो, आणि त्यावर पडले तर फायबरग्लासच्या कडक बोर्डइतके लागत नाही. पन्नाशीतल्या नवशिक्यासाठी हे शेवटचे कारणच निर्णायक ठरावे. कडक बोर्ड पाण्यातून अधिक सफाईने जातो खरा, पण तो फरक जाणवण्याइतके कौशल्य यायला वेळ लागतो.

बोर्ड निवडताना लांबीपेक्षा रुंदीकडे पाहावे, आणि यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. बोर्ड किती वजन पेलतो हे त्याच्या आकारमानावर ठरते. ३०० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडेपर्यंत त्याचे स्वतःचे वजन धरून सुमारे ३०० किलो पेलतो. पण तरंगणे वेगळे आणि स्थिर राहणे वेगळे. बोर्ड एका बाजूला कलला की त्या बाजूचे पाणी त्याला वर रेटते. हा सावरणारा जोर लांबीच्या साध्या प्रमाणात वाढतो, रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. लांबी तेवढीच ठेवून ३० इंच रुंदीऐवजी ३४ इंच घेतली तर रुंदी १३ टक्क्यांनी वाढते आणि सावरणारा जोर सुमारे ४५ टक्क्यांनी. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बोर्डपासून जवळजवळ एक मीटर उंच असतो, त्यामुळे हा फरक पायांना लगेच कळतो. गुडघ्यांवर बसले की तो मध्य बराच खाली येतो आणि तोच डुगडुगणारा बोर्ड शांत होतो. सर्वसाधारण वजनाच्या नवशिक्याला १० ते ११ फूट लांब, ३३-३४ इंच रुंद बोर्ड योग्य. भाड्याने देणाऱ्यांकडे अनेकदा सगळ्यांना एकाच मापाचा बोर्ड दिला जातो. तिथे वजन सांगून रुंद बोर्ड मागून घेण्यात संकोच करू नये. वेगासाठी बनवलेले अरुंद, टोकदार बोर्ड पहिल्या हंगामात दूरच ठेवलेले बरे.

वल्ह्याची लांबी डोक्याच्या वर साधारण १५ ते २५ सेंटीमीटर असावी. पाते दांड्याशी थोडा कोन करून बसवलेले असते आणि ते पुढच्या बाजूला झुकलेले हवे. पुष्कळ नवशिके ते उलटे धरतात, मग प्रत्येक वल्ह्याला पाणी उगीच वर उचलले जाते. मध्यमवयीन खांद्यांसाठी लहान पाते हितकारक असते, कारण मोठे पाते एका ओढीत जास्त पाणी पकडते आणि तो सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या बोर्डपेक्षा हलक्या वल्ह्यावर करावेत. तासाभरात ते शेकडो वेळा उचलावे लागते.

आता शरीराकडे वळू. माणसाचा तोल डोळे, कानातली संतुलनाची यंत्रणा आणि तळपाय-घोटे-सांधे यांतून येणाऱ्या संवेदना या तिन्हींच्या मेळातून राखला जातो. वय वाढते तसे तिन्ही मार्ग थोडेथोडे मंदावतात आणि स्नायूंचा प्रतिसादही उशिरा येतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या सुमारे १,७०० स्त्री-पुरुषांना एका पायावर १० सेकंद उभे राहायला सांगण्यात आले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण पाचांतल्या एकाला ते जमले नाही. पण आकडे वयोगटांनुसार पाहिले तर चित्र वेगळे दिसते: पन्नाशीच्या पहिल्या टप्प्यात न जमणारे फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, सत्तरी ओलांडल्यावर निम्म्याहून अधिक. म्हणजे पन्नाशीतल्या बहुतेकांकडे लागणारी शिल्लक असते. ही चाचणी घरी, भिंतीजवळ उभे राहून सहज करता येते. ज्याला ती जमत नाही त्याने बोर्डवर जाण्याआधी काही आठवडे जमिनीवर सराव करावा आणि पहिले दिवस गुडघ्यांवर बसून वल्हवावे.

नवशिका घाबरून अंग ताठ करतो, गुडघे सरळ कडक ठेवतो, पायांच्या बोटांनी बोर्ड पकडायला बघतो आणि नजर पायांकडे नेतो. जमिनीवर ताठरपणाने एक वेळ निभावते. पाण्यावर मात्र ताठ शरीराचा प्रत्येक धक्का बोर्डला आणि बोर्डचा प्रत्येक हेलकावा डोक्यापर्यंत पोहोचतो. घोटे, गुडघे, कंबर सैल असली की ते हेलकावे वाटेतच जिरतात. म्हणून पाय खांद्यांइतके फाकलेले, पावले समांतर, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर दूर क्षितिजाकडे, ही स्थिती शिकवली जाते. वल्ह्याचे पाते पाण्यात असेपर्यंत तो तिसरा आधार असतो. त्यामुळे स्तब्ध उभे राहण्यापेक्षा हळूहळू वल्हवत राहणे सोपे जाते, हे कळायला अनेकांना दोन-तीन खेपा लागतात. तळपाय बधिर होणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही ताठरपणाचीच लक्षणे. अधूनमधून गुडघ्यांवर बसल्याने ती जातात.

या वयाच्या काही खास बाबी प्रशिक्षकाच्या लक्षात येतीलच असे नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चश्म्याच्या खालच्या भागातून पायांजवळचे पाणी धूसर दिसते आणि तोल बिघडतो. अशांनी फक्त लांबचे दिसणारा, दोरीने बांधलेला चश्मा वापरावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, गुडघ्यांवरून एकदम उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उन्हात घाम गेल्यावर तर अधिकच. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाऊन निघावे आणि अंगावरच्या जलरोधक पिशवीत गोड काहीतरी ठेवावे. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा ही सूचना मूठभरांसाठी नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते, आणि त्याचा परिणाम तोलावर तर होतोच, शिवाय शिंपल्याने कापलेलेही कळत नाही. डोके फिरवताच भोवळ येण्याचा त्रास असलेल्यांनी तो पूर्ण थांबेपर्यंत पाण्यावर जाऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे, हृदयविकाराचा इतिहास किंवा अपस्माराचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलणे अपरिहार्य आहे.

फायदे किती, याविषयी जाहिराती भरपूर आणि संशोधन थोडे. त्यातला उल्लेखनीय प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, पूर्वी कधी पॅडलबोर्डिंग न केलेल्या मोजक्या लोकांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकेक तास सराव केला. हृदय-फुप्फुसांची क्षमता जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढली. पोट, पाठ आणि कुशीचे स्नायू जास्त वेळ टिकाव धरू लागले. आपल्या जगण्याबद्दल त्यांनी स्वतः दिलेले गुणही सुधारले. पण जमिनीवर मोजलेल्या तोलात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या गुणासाठी हा खेळ सर्वाधिक विकला जातो, नेमका तोच सहा आठवड्यांत सिद्ध झाला नाही. बोर्डवरचा तोल सुधारतो याचा अनुभव कोणालाही येईल, पण तो तसाच जिन्यावर किंवा ओल्या फरशीवर उपयोगी पडेल असे गृहीत धरता येत नाही. म्हातारपणी पडू नये म्हणून काही करायचे असेल तर जमिनीवरचे तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम वेगळे करावेच लागतात. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होऊ लागतात त्यावरही हा खेळ पुरेसा इलाज नाही. हाडांना लागणारा भार त्यात कमीच पडतो. पॅडलबोर्डिंगची खरी देणगी धडाच्या स्नायूंना आणि हृदयाला मिळते, आणि तीही लहान नाही. बसून काम करणाऱ्याच्या पाठीला याहून आनंददायक व्यायाम सापडणे अवघड आहे.

दुखापतींचे चित्रही अभ्यासले गेले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे एक तृतीयांश दुखापती खांदा आणि दंडाच्या होत्या, त्याखालोखाल कंबर आणि कोपर-मनगटामधला भाग. बऱ्याचशा दुखापतींचे कारण पडणे नव्हतेच. लांब पल्ल्याचे, सतत वल्हवणे हे कारण होते. चाळीस ते साठ या वयात खांद्याच्या रोटेटर कफ या स्नायूबंधांची झीज सुरू झालेली असते, आणि मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाणही अधिक. म्हणून वल्हे दंडाने ओढायचे नसते, धड वळवून ओढायचे असते: वरचा हात जवळजवळ सरळ, पाते पूर्ण बुडवून मगच ओढ, आणि पाते पावलांच्या रेषेत येताच बाहेर. पावलांच्या मागे ओढत नेल्याने वेग वाढत नाही, खांदा मात्र दुखतो. चार-सहा वल्ह्यांनंतर बाजू बदलावी. कंबरेला ताण वल्हवण्याने जितका येतो तितकाच कधी कधी हातपंपाने हवा भरण्याने आणि बोर्ड वाहून नेण्याने येतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा पंप ही या वयात चैन नव्हे. सकाळी भरलेला बोर्ड भर उन्हात वाळूवर टाकून ठेवू नये. हवा २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली तर १५ पीएसआयचा दाब साधारण साडेअठरापर्यंत चढतो आणि शिवण उसवण्याची भीती असते.

शिकण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी उभे राहण्यापासून सुरू होतो. मध्यमवयात तो उलटा असावा: आधी पडणे, मग चढणे, मग गुडघ्यांवर वल्हवणे, आणि शेवटी उभे राहणे. पडताना बोर्डपासून दूर, हातपाय पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडावे. उथळ पाण्यात पाय रोवून उडी टाकल्यास घोटा किंवा गुडघा जातो. चढताना बोर्डच्या मध्याशी असलेल्या, बोर्ड उचलण्याच्या मुठीच्या रेषेत यावे, एक हात मुठीवर, दुसरा कडेवर ठेवून शरीर पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर होईपर्यंत पाय झाडावेत आणि पोटाने बोर्डवर सरकावे. नुसत्या दंडांच्या जोरावर वर येण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मुठीला बांधलेल्या दोरीच्या फासात पाय टाकून चढण्याची युक्ती शिकावी. दमलेल्या अवस्थेत, कंबरेपेक्षा खोल पाण्यात, कोणाच्या मदतीशिवाय चढता आले पाहिजे. तोवर किनाऱ्यापासून दूर जाण्याचा विचार करू नये.

पोहणे न येणाऱ्यांनी हा खेळ करावा का, हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही, कारण शहरांत वाढलेल्या या पिढीतल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पोहायला शिकण्याची संधीच मिळाली नाही. लाइफ जॅकेट घालून, कंबरभर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना ओळख करून घ्यायला हरकत नाही. त्यापलीकडे जायचे तर आधी पोहणे शिकावे, आणि तेही चाळिशीत-पन्नाशीत उत्तम शिकता येते. लाइफ जॅकेटमध्येही फरक असतो. पाण्यात ५० न्यूटन उचल देणारे जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असते. ते शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड वर ठेवेलच असे नाही. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचे लागते.

बोर्ड आणि माणूस यांना जोडणाऱ्या दोरीला लीश म्हणतात. तलावात आणि समुद्रात ती घोट्याला किंवा पोटरीला बांधतात. वाऱ्याने बोर्ड दूर गेला तर सर्वांत मोठा तरंगता आधारच हातचा जातो, म्हणून ती नसता पाण्यावर जाऊच नये. वाहत्या नदीत मात्र घोट्याची लीश घातक ठरते. ती फांदीत किंवा खांबात अडकली तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. तिथे एका झटक्यात सुटणारी, कंबरेची लीश हवी. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे पूर आलेल्या नदीवर एक गट पॅडलबोर्ड घेऊन उतरला आणि बंधाऱ्यावरून खाली ओढला गेला. चौघांचा जीव गेला, त्यांतले तिघे चाळीस ते बेचाळीस वर्षांचे होते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती उलटे फिरत राहते आणि तरंगणाऱ्या वस्तूला, माणसालाही, पुन्हा पुन्हा आत खेचते. वरून पाहताना तिथे फक्त पाण्याची एक सरळ कड दिसते. महाराष्ट्रात नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत, त्यामुळे ही घटना दूरची मानता येत नाही. बंधारा असलेल्या नदीच्या पट्ट्यात, वरच्या बाजूलाही, बोर्ड उतरवू नये.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वारा कसा वागतो हे शाळेच्या भूगोलातच शिकवलेले असते: दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. पॅडलबोर्डवर उभा माणूस स्वतःच शीड बनतो, म्हणून हे ज्ञान इथे थेट कामाला येते. सकाळी समुद्र आरशासारखा दिसतो, पण तेव्हाचा मंद वारा बोर्डला किनाऱ्यापासून आत ढकलत असतो, आणि किनाऱ्यापासून जितके दूर जावे तितका तो वाढतो. दुपारचे खारे वारे निदान किनाऱ्याकडे आणतात, पण ते जोरदार असतात आणि लाटाही उठवतात. ताशी १५-१८ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर नवशिक्याला पुढे सरकणे जड जाते. म्हणून उघड्या समुद्रापेक्षा खाडी किंवा धरणाचा आडोशाचा कोपरा निवडावा. परतताना वारा पाठीशी राहील अशा बेताने निघावे, आणि वारा वाढलाच तर उभे राहण्याचा हट्ट सोडून गुडघ्यांवर बसावे किंवा पोटावर झोपून हातांनी वल्हवावे.

खाडीत वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी आली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आजही कामी येतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पाणी सगळ्या सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत जवळजवळ निम्मे पाणी हलते, तेव्हा प्रवाह सर्वांत जोराचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो आणखी वाढतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगात कमी असतो. नवशिक्यांसाठी भांगाचे दिवस आणि भरती पूर्ण होण्याच्या आगेमागेचा तास उत्तम. उतरत्या ओहोटीत खाडीच्या मुखाजवळ जाणे टाळावे. पाणी कोणते, हेही विचारून घ्यावे. सांगलीत कृष्णेत, चिपळूणच्या परिसरात वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. मोठ्या पावसानंतरच्या गढूळ पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, पायाला जखम असेल तर विशेष. धरणांच्या जलाशयांवर परवानगीशिवाय उतरता येत नाही. स्थानिक मच्छीमाराचा शब्द मोबाइलवरच्या हवामानाइतकाच, कित्येकदा अधिक, भरवशाचा असतो. किनाऱ्यावरच्या कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून जावे आणि जलरोधक पाकिटातला मोबाइल बोर्डवर न बांधता अंगावर ठेवावा.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाऊण ते एक तास, हा सराव या वयाला पुरेसा आहे. मध्ये एक दिवस विश्रांती हवी, कारण स्नायूबंध सावरायला आता अधिक वेळ लागतो. पहिल्या महिन्यात स्वतःचा बोर्ड घेऊ नये. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या रुंदीचे बोर्ड वापरून पाहिले की काय मानवते ते कळते. प्रशिक्षक निवडताना त्याच्याकडे जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे का, एका वेळी किती जणांना तो नेतो आणि वाऱ्यामुळे वर्ग रद्द करण्याची त्याची तयारी आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा खेळ बहुतेक ठिकाणी बंद असतो. त्या चार महिन्यांत खांदा, पोट-पाठ आणि एका पायावरच्या तोलाचे व्यायाम घरी चालू ठेवले तर पुढचा हंगाम शून्यापासून सुरू करावा लागत नाही. तरीही पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दिवशी आधी पुन्हा बोर्डवर चढता येते का ते तपासावे, मग उभे राहावे.